अमेरिकाना म्हणजे नक्की काय: बागेतला फुकट कार्यक्रम, आईचं तानपुऱ्याचं ॲप आणि रेडिओनं बाहेर ठेवलेली गाणी

आई सहा महिन्यांसाठी आलीये आमच्याकडे मेम्फिसला आणि इथे येणाऱ्या सगळ्यांच्या आयांचं जे होतं तेच तिचंही झालं, पहिले पंधरा दिवस मॉल, कॉस्टको, मंदिर, आणि मग सोफ्यावर बसून ‘अरे पण इथे रस्त्यावर माणसंच दिसत नाहीत रे’. म्हणलं चल, माणसं दाखवतो. एका संध्याकाळी घडीच्या खुर्च्या, पाण्याच्या बाटल्या, डब्यात मेथीचे ठेपले असं सगळं गाडीत टाकून ओव्हरटन पार्कला गेलो. तिथे शेल आहे, म्हणजे शिंपल्यासारखं अर्धगोल कमानीचं उघडं स्टेज, समोर हिरवळीचा उतार, उन्हाळ्यात तिथे फुकट कार्यक्रम असतात, तिकीट नाही, पास नाही, या आणि बसा. त्या दिवशी एक तेवीस-चोवीस वर्षांची पोरगी आणि तिचा बँड होता. नाव देत नाही कारण लेख तिच्यावर नाहीये, पण कार्डावर लिहिलं होतं ‘अमेरिकाना’.

आईनी लगेच विचारलं, ‘म्हणजे काय?’

मी तोंड उघडलं आणि लक्षात आलं की इतकी वर्षं हे ऐकतोय पण सांगता येत नाहीये. कंट्री, म्हणजे इथलं गावाकडचं गिटारवालं संगीत म्हणावं तर पूर्ण कंट्री नाही, लोकसंगीत म्हणावं तर गाणी तिनी स्वतः गेल्या वर्षी लिहिलेली, रॉक म्हणावं तर मध्येच व्हायोलिन आणि बेंजो. आईनी महिला भजनी मंडळात पंचवीस वर्षं काढलीयेत, तिला असं ‘थोडं हे थोडं ते’ सांगून चालत नाही. तिला जे त्या संध्याकाळी आणि नंतर घरी चहा पिता पिता सांगितलं ते इथे लिहितोय.

आधी बेंजोचा घोळ मिटवू. आपल्याकडे बेंजो म्हटलं की गणपतीच्या मिरवणुकीतली बेंजो पार्टी डोळ्यासमोर येते, टाइपरायटरसारखी बटणं दाबून वाजवायचं ते वाद्य, खरं तर ते बुलबुल तरंग आणि त्याचं मूळ जपानी. अमेरिकन बँजो हे वेगळंच प्रकरण आहे, चामडं ताणलेला गोल, वर लांब दांडी, तारा. आज तो बघितला की लोकांना डोंगरातला दाढीवाला गोरा शेतकरी आठवतो, पण हे वाद्य आलं पश्चिम आफ्रिकेतून. गुलाम म्हणून पकडून आणलेल्या लोकांनी ते इथे परत बनवलं, भोपळ्याला कातडं लावून. आई म्हणाली, ‘भोपळ्याचं? आपल्या मिरजेच्या तंबोऱ्यासारखं?’ हो, भोपळा तोच, पुढची कहाणी फार वेगळी. ही बँजोची गोष्ट लक्षात ठेवा कारण अमेरिकानाचा अर्धा घोळ हाच आहे, वाजवणारे कोण होते आणि पाटी कुणाच्या नावाची लागली.

आता नकाशा. टेनेसी हे राज्य पट्टीसारखं लांबलचक आहे, एका टोकाला मिसिसिपी नदीच्या काठावर आमचं मेम्फिस, मधे नॅशव्हिल, आणि पार दुसऱ्या टोकाला, जवळजवळ आठशे किलोमीटरवर, ब्रिस्टल. राज्याच्या झेंड्यावर तीन तारे आहेत ते ह्याच तीन भागांचे, पूर्व, मध्य, पश्चिम. मला विचाराल तर अमेरिकाना समजायला हा झेंडाच पुरे. मेम्फिस म्हणजे ब्लूज आणि सोल हे काळ्या लोकांचे प्रकार, नॅशव्हिल म्हणजे कंट्रीचा धंदा, आणि ब्रिस्टलकडचे डोंगर म्हणजे जुनी गाणी, फिडल (व्हायोलिनच ते), बँजो, चर्चमधली भजनं. ह्या तीन गोष्टी एका भांड्यात ढवळल्या की जे होतं ते साधारण अमेरिकाना, कमीजास्त तिखटमीठ ज्याच्या त्याच्या हाताचं.

ब्रिस्टलची एक गोष्ट सांगायलाच हवी. हे गाव अर्धं टेनेसीत अर्धं व्हर्जिनियात, मेन रोडच्या मधोमध राज्याची हद्द. 1927च्या जुलैच्या शेवटी राल्फ पीअर नावाचा माणूस व्हिक्टर ह्या रेकॉर्ड कंपनीची मशीन घेऊन तिथे आला आणि दहाबारा दिवसांत 19 जणांची किंवा ग्रुपची 76 गाणी रेकॉर्ड करून गेला. त्यात कार्टर फॅमिली होती, नवरा ए. पी., बायको आणि बायकोची चुलतबहीण मेबेल, मेबेल तर पोटुशी होती त्या वेळी. आणि कंट्रीचा पुढचा स्टार जिमी रॉजर्सही पहिल्यांदा तिथेच रेकॉर्ड झाला. कंट्री म्युझिकचं बारसं म्हणतात त्याला.

पण माझ्या मते खरी गंमत पीअरच्या हिशोबात आहे. तो गाणाऱ्याला एका गाण्याचे 50 डॉलर द्यायचा आणि वर थोडी रॉयल्टी, पण त्याला गाणी अशी हवी असायची की ज्यांचा कॉपीराइट घेता येईल, कारण त्याचा स्वतःचा पैसा तिथे होता. म्हणजे आजीच्या तोंडचं सगळ्या पंचक्रोशीला माहीत असलेलं गाणं नको, किंवा चालेल पण त्याला नवं वळण देऊन ‘हे माझं’ म्हणता आलं पाहिजे. मग ए. पी. कार्टर वाड्यावस्त्यांवर गाणी गोळा करत फिरायला लागला. त्याच्याबरोबर असायचा लेस्ली रिडल नावाचा काळा गिटारवादक. कार्टर शब्द लिहून घ्यायचा, चाल डोक्यात ठेवायचं काम रिडलचं, आणि घरी येऊन तो ती मेबेलला वाजवून दाखवायचा. रेकॉर्डवर नाव कार्टरचं. ‘सिंगर-साँगरायटर’, स्वतः लिहून स्वतः गाणारा, ही जी फार उदात्त वगैरे कल्पना आपण समजतो तिच्या मुळाशी असा एक व्यवहार पण आहे.

आणि दुकानात काय व्हायचं तर कंपन्या दोन कॅटलॉग छापायच्या, काळ्या लोकांसाठी ‘रेस रेकॉर्ड्स’ आणि गोऱ्या खेडुतांसाठी ‘हिलबिली’. गाणी कित्येकदा तीच, चाली त्याच, अंगणं पण शेजारशेजारची, पण दुकानाच्या कपाटात मधे भिंत. ती भिंत पुढे रेडिओत गेली, चार्टमध्ये गेली, अवॉर्डमध्ये गेली.

आम्ही ज्या स्टेजसमोर बसलो होतो ते ह्या भिंतीला पडलेलं एक भगदाड आहे म्हणलं तरी चालेल. हे शेल 1936 साली बांधलं, मंदीच्या काळात लोकांच्या हाताला काम मिळावं म्हणून सरकारनी जी डब्ल्यूपीए योजना काढली होती त्यातून, म्हणजे आपल्या रोजगार हमीचाच प्रकार. 30 जुलै 1954ला इथे स्लिम व्हिटमन नावाच्या त्या वेळच्या स्टारचा कार्यक्रम होता आणि त्याच्याआधी एका 19 वर्षांच्या लोकल पोराला दोनतीन गाण्यांपुरता चान्स दिला होता. एल्व्हिस प्रेस्ली. त्याची पहिली रेकॉर्ड दहाबारा दिवसांपूर्वीच आलेली, तिच्या एका बाजूला आर्थर क्रूडप ह्या काळ्या ब्लूजवाल्याचं गाणं आणि दुसऱ्या बाजूला बिल मन्रोचं, म्हणजे ब्लूग्रास ह्या बँजो-फिडलवाल्या डोंगरी प्रकाराच्या बापाचं. एकच तबकडी, ह्या बाजूला एक कॅटलॉग त्या बाजूला दुसरा. मागे ड्रम पण नव्हते, एक गिटार आणि एक उभा डबल बास. पोरगा इतका घाबरलेला की पाय लटलट हलत होते आणि पब्लिकला वाटलं नाचतोय, पोरी किंचाळायला लागल्या. बाकी तुम्हाला माहितीच आहे.

(ह्या पार्कातून पुढे सहापदरी हायवे जाणार होता, लोकांनी केस केली, 1971ला थेट सुप्रीम कोर्टात जिंकले, म्हणून आजही आय-40 शहराच्या मधून सरळ न जाता वळसा घालून जातो आणि मी रोज ऑफिसला जाताना त्या वळशाला शिव्या घालतो. आता कमी घालीन.)

मग ‘अमेरिकाना’ हे नाव कधी आलं? इथे लोकांना धक्का बसतो. संगीत जुनं असलं तरी नाव अगदी परवाचं आहे. झालं असं की कंट्री रेडिओ ऐंशी-नव्वदच्या दशकात चकाचक व्हायला लागला, तरुण चेहरे, स्टेडियममधले शो, आणि त्या साच्यात न बसणारे सगळे बाहेर. बाहेर म्हणजे किती बाहेर, तर जॉनी कॅशला त्याच्या कंपनीनी 1986ला डच्चू दिला, जॉनी कॅशला! आपल्याकडे एखाद्या कंपनीनी भीमसेनजींना ‘आता तुमचं चालत नाही’ म्हणावं तसं. 1994ला रिक रुबिन ह्या रॅप आणि मेटल करणाऱ्या प्रोड्यूसरनी त्याला फक्त एक गिटार हातात देऊन बसवलं आणि त्यातून जो अल्बम आला तो जगानी डोक्यावर घेतला, कंट्री रेडिओनी मात्र ढुंकून पाहिलं नाही. पुढच्या अल्बमला 1998मध्ये बेस्ट कंट्री अल्बमचा ग्रॅमी मिळाला तेव्हा बिलबोर्ड मासिकात पानभर जाहिरात आली, त्यात कॅशचा मधलं बोट दाखवणारा जुना फोटो आणि वर नॅशव्हिलच्या मंडळींचे आणि कंट्री रेडिओचे ‘आभार’.

तर अशा बाहेर काढलेल्यांना ठेवायचं कुठल्या कपाटात? जानेवारी 1995मध्ये गॅव्हिन रिपोर्ट नावाच्या रेडिओवाल्यांच्या धंद्यातल्या साप्ताहिकानी एक नवीन चार्ट सुरू केला, नाव दिलं अमेरिकाना. 1999ला नॅशव्हिलमध्ये अमेरिकाना म्युझिक असोसिएशन निघाली. 2010ला ग्रॅमीत स्वतंत्र कॅटेगरी झाली, पहिला मान ‘द बँड’ ह्या जुन्या रॉक बँडचा ड्रमर-गायक लेव्हॉन हेल्मला, आणि 2011ला मेरियम-वेबस्टर डिक्शनरीत शब्दाचा हा अर्थ आला. म्हणजे बघा, हा राग नाही, ताल नाही, घराणं तर नाहीच. ही कपाटावरची चिठ्ठी आहे, ‘बाकीचे’ असं लिहिलेली, फक्त ‘बाकीचे’ लिहिलं तर विकलं जाणार नाही म्हणून छान नाव.

आणि सगळ्यांना ती चिठ्ठी आवडते असंही नाही. केंटकीचा टायलर चिल्डर्स, 2018ला ह्याच असोसिएशनचा नवोदित कलाकाराचा पुरस्कार घ्यायला स्टेजवर गेला आणि तिथेच बोलला की मी कंट्री गाणारा माणूस आहे, हे अमेरिकाना वगैरे काही नसतं. घरच्या लग्नात येऊन जेवणाला नावं ठेवण्यासारखं झालं ते, पण मुद्दा चुकीचा नव्हता, चांगल्या कंट्रीला जर वेगळं नाव देऊन बाजूला बसवलं तर कंट्रीच्या खुर्चीवर कायम दुसरेच बसणार. दुसऱ्या बाजूनी रिअॅनन गिडन्ससारखी बाई आहे, काळी, नॉर्थ कॅरोलायनाची, जो थॉम्पसन ह्या म्हाताऱ्या काळ्या फिडलवाल्याच्या घरी जाऊन बसून शिकली आणि बँजो परत मूळ मालकांकडे घेऊन आली. तिला हे मोकळं कपाट उपयोगी पडलं. तरी आमच्या त्या संध्याकाळी मी नजर फिरवली तर मेम्फिससारख्या शहरात, जिथे निम्म्याहून जास्त वस्ती काळ्या लोकांची, हिरवळीवर बहुतेक गोरेच, काही थोडे काळे, आणि ठेपले खाणारे आम्ही. जुनी भिंत पडलीये म्हणतात, तिची पायाची रेघ दिसते अजून.

बरं आता स्टेजवर काय चालतं ते.

दुसरं गाणं सुरू झालं तशी आईनी पर्समधून फोन काढला, तिच्याकडे तानपुऱ्याचं ॲप आहे, ते कानाला लावून खुडबुड केली आणि म्हणाली, ‘काळी चारात गातेय पोरगी.’ बरोबर होतं. आणि इथे मला एकदम समजावायला दोर सापडला, कारण पोरीच्या गिटारला मानेवर एक चिमटा लावला होता, त्याला कॅपो म्हणतात. तिची बोटं वाजवत होती पांढरी पाचाचे आकार, पण चिमट्यानी सगळ्या तारा अर्धा सूर वर दाबल्या की निघते काळी चार. आपल्या हार्मोनियमचा स्केल चेंजर असतो, पट्ट्या त्याच दाबायच्या आणि सूर सरकवायचा, तोच धंदा. आईला हे एका सेकंदात कळलं, मला कॉलेजात गिटार शिकताना महिना लागला होता.

पुढची गोष्ट अजून भारी. हा बँड कायमचा नसतो हो. अशा नव्या पोरांना चार माणसं वर्षभर पोसणं परवडत नाही, त्यामुळे ड्रमर ह्या गावचा, बासवाला त्या गावचा, आणि कधीकधी रिहर्सल नाहीच. तरी वाजतं कसं? नॅशव्हिल नंबर सिस्टिम. पन्नासच्या दशकाच्या शेवटी नॅशव्हिलच्या स्टुडिओत निघालेली युक्ती आहे, कॉर्डची, म्हणजे एकदम वाजवायच्या तीनचार सुरांच्या जुळणीची, नावं लिहायचीच नाहीत, आकडे लिहायचे. गाणं ज्या सुरात असेल तो 1, तिथून मोजत 4 आणि 5. म्हणजे आपला सा, म, प! सा कुठेही धरा, म म्हणजे म. गायिकेचा घसा बसला, आज अर्धा सूर खाली गायचंय, कागद बदलायची गरज नाही, सगळ्यांनी आपापला सा खाली घेतला की झालं. आपण हे लहानपणापासून करतो आणि इथे हे स्टुडिओवाल्यांचं गुपित म्हणून सांगतात, मला थोडं हसूच येतं दर वेळी. एका पानात अख्खं गाणं मावतं, आकड्यापुढे छोटी आडवी रेघ म्हणजे मायनर (कोमल गवाली कॉर्ड), आकड्याभोवती शंकरपाळ्यासारखी चौकट म्हणजे एकदा वाजवून तसंच थांबायचं.

आणि हे डोळ्यांनी दिसतं बरं का. तिसऱ्या गाण्यात बासवाल्याचा कागद वाऱ्यानी उडाला, सरळ हिरवळीवर. पोरगी गाता गाता नुसती अर्धी वळली, गिटारच्या मानेखालून डाव्या हाताची चार बोटं दाखवणं तर शक्य नाही कारण हात अडकलेला, तर तिनी ओठांनीच ‘फोर’ केलं, दोन मात्रा आधी, बासवाला मान हलवून 4वर गेला, मग ओळींच्या मधल्या गॅपमध्ये उजवा हात सोडून पाच बोटं. समोर बसलेल्या तीनचारशे माणसांतल्या कुणाला कळलं असेल नसेल, आईला कळलं. ‘आमच्याकडे सुमनताई पेटीवाल्याला असंच डोळ्यांनी करायच्या’ म्हणाली.

आवाजाबद्दल थोडं. ही कमान मोठे स्पीकर यायच्या आधीच्या काळातली, तेव्हा तीच ॲम्प्लिफायर होती, मागे जाणारा आवाज अडवून पुढे फेकायची. आता स्पीकर असतातच. पण उघड्यावर हवा पण खेळ करते. दिवसा जमीन तापलेली असते, जमिनीलगतची हवा गरम आणि गरम हवेत आवाज जास्त पळतो, त्यामुळे तो वरच्या दिशेनी वळतो, मागच्या लोकांच्या डोक्यावरून जातो. सूर्य बुडून गवत गार झालं की उलटं, आवाज खाली वाकतो आणि लांबवर पोचतो. म्हणूनच पहिली दोन गाणी दबलेली वाटली आणि अंधार पडल्यावर शब्द न् शब्द. साउंडवाल्याचं श्रेय असतंच, पण अर्धं हवेचं. वाद्यांचे मात्र हाल, मेम्फिसचा दमटपणा म्हणजे मुंबईला लाजवेल असा, लाकूड फुगतं, तारांचे सूर हलतात, म्हणून दर गाण्यानंतर ट्यूनिंग, आणि त्या वेळात बोलायला लागतं म्हणून हे लोक इतके किस्से सांगतात. अर्धी ‘स्टोरीटेलिंग’ परंपरा खुंट्या पिळण्यातून आलीये असा माझा वहीम आहे.

पैशाचं काय? कार्यक्रम फुकट म्हणजे कलाकार फुकट नव्हे, ट्रस्ट, स्पॉन्सर, देणग्या, आणि मध्यंतरात फिरणारी बादली. आईनी पाच डॉलर टाकायच्या आधी रुपयांत किती होतात ते विचारलं, मी सांगितलं नाही. शिवाय जागावाल्यांनी बीएमआय, ॲस्कॅप अशा, गाणी लिहिणाऱ्यांचे पैसे गोळा करणाऱ्या संस्थांना वार्षिक लायसन्स फी भरलेली असते, आणि गाणं लिहिणाऱ्यानी आज काय काय गायलं ती यादी पाठवली की त्यातून थोडे पैसे येतात. स्वतःची गाणी गायली तर स्वतःला, दुसऱ्याची गायली तर दुसऱ्याला. अमेरिकेत एफएमवर गाणं लागलं तर लिहिणाऱ्याला पैसे मिळतात, नुसत्या गाणाऱ्याला काहीच नाही, हे ऐकून मी उडालो होतो. म्हणजे पीअरचा तो हिशोब अजून चालूच आहे, लिहा नाहीतर उपाशी रहा. बाकी खरी कमाई कोपऱ्यातल्या टेबलावर, टी-शर्ट आणि तबकड्या.

सगळंच आवडलं असं नाही. मधली तीन गाणी एकाच लयीत, तिन्हींत हायवे, दोहोंत व्हिस्की, आणि तेवीस वर्षांच्या पोरीनी खाणकामगार म्हाताऱ्याच्या तोंडून गायचं हे जरा उसनं वाटतं. ह्या कपाटात असे बरेच आहेत, गरिबीची टोपी विकत घेऊन घातलेले. पण नंतर एक गाणं होतं आजीचं घर विकल्यावर त्यातला लँडलाइन नंबर अजून पाठ आहे एवढ्याचंच, बाकी काही नाही, आणि मागून पेडल स्टील.

पेडल स्टील म्हणजे टेबलासारखं ठेवलेलं दहा तारांचं वाद्य, डाव्या हातात लोखंडी दांडी, ती तारांवर सरकवायची. मूळ हवाई बेटांवरचं, आपल्याकडे जुन्या सिनेमाच्या गाण्यांच्या हवाईन गिटारच्या रेकॉर्डी घरोघरी असायच्या ना, त्याच कुटुंबातलं. पुढे ह्याला खाली पायात पेडल आणि गुडघ्याला दांडे लावले. रडतं म्हणजे अक्षरशः रडतं, बाकीच्या तारा तशाच वाजत असताना एकच सूर हळूच वर चढतो.

कार्यक्रम संपला तरी आई हलेना. तो स्टीलवाला, साठीचा असेल, स्टेजच्या कडेला वाद्याचे पाय उघडायच्या तयारीत होता. आई सरळ पुढे गेली आणि मराठीतच विचारलं, ‘हे पायात काय आहे?’ मी भाषांतर केलं. तो हसला, बाजूला सरकला, स्टूल दाखवलं. आई बसली. मग उठली, चप्पल काढून गवतात ठेवली आणि परत बसली, कारण वाद्याला चप्पल कशी लावणार. त्यानी एक तार छेडली, ॲम्प बंद होता त्यामुळे अगदी बारीक आवाज, आणि आईला मधलं पेडल दाबायची खूण केली. ग होता, त्याचा म झाला. मग त्यानी तीन तारा एकदम छेडल्या आणि दोन पेडलं एका पावलानी तिरकी दाबायला लावली, 1चा 4 झाला, हात न हलवता.

आई म्हणाली, ‘परत.’